मिसूरीकाठचा सायकलमार्ग आणि पुराचे वेळापत्रक

नदीच्या खोऱ्यातून लोहमार्ग नेण्याचा मोह एकोणिसाव्या शतकातील अभियंत्यांना सर्व देशांत पडला, आणि त्याचे कारण उघड आहे. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही, आणि हजारो वर्षे गाळ आणून पसरणाऱ्या नदीने जी सपाट पट्टी आयती करून ठेवलेली असते, तिच्याइतकी समतल वाट डोंगर फोडूनही सहसा साधत नाही. अमेरिकेच्या मिसूरी राज्यातून, त्याच नावाच्या महानदीचे उत्तर तीर धरून, ‘मिसूरी-कॅन्सस-टेक्सास’ कंपनीने आपला लोहमार्ग नेला तो याच हिशेबाने. आणि ज्या सपाटीने आगगाडीला सुख दिले, तीच सपाटी नदीने वेळोवेळी परत ताब्यात घेतली. आज त्या मार्गावर रूळ उरलेले नाहीत. त्यांच्या जागी चुनखडीची बारीक खडी दाबून केलेली, पूर्वेस मेचेन्सपासून पश्चिमेस क्लिंटनपर्यंत जाणारी, सुमारे २४० मैलांची म्हणजे जवळजवळ ३८५ किलोमीटरांची वाट आहे. कंपनीच्या आद्याक्षरांवरून रूढ झालेल्या ‘केटी’ या नावानेच ती ओळखली जाते, आणि तिच्या कडेचे मैलांचे खांबही अद्याप जुन्या लोहमार्गाचाच हिशेब सांगतात, त्यामुळे मार्ग २४० मैलांचा असूनही क्लिंटनच्या खांबावरचा आकडा २६४ च्या पुढचा आहे.

सेंट लुइस, कॅन्सस सिटी आणि शिकागो या शहरांतून राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा मार्ग सोयीचा वाटावा असाच आहे. मोटारींची वर्दळ नाही, दर दहा-पंधरा मैलांवर लहानसे गाव आहे, आणि चढ इतके सौम्य आहेत की नवशिक्यालाही दिवसाकाठी चाळीस मैल जाता येते. अडचण एकच आहे, परंतु ती लहान नाही. शाळांना सुटी लागते ती मेच्या अखेरीस, आणि नदीचा भर असतो तोही वसंतापासून जुलैपर्यंत. म्हणजे माणसाला सवड मिळण्याचा काळ आणि नदीला पूर येण्याचा काळ हे दोन्ही एकमेकांवर येऊन पडतात. तेव्हा पूरकाळ टाळा, एवढाच सल्ला देऊन मोकळे होणे म्हणजे पुष्कळांना प्रवासच टाळा म्हणून सांगण्यासारखे आहे. माझ्या मते पूरकाळातही या मार्गावर प्रवासाची तजवीज करता येते. मात्र ती करणाऱ्याने महानदीचा पूर आणि ओढ्यांचा पूर हे दोन अगदी निराळे मामले आहेत हे आधी नीट ध्यानात घेतले पाहिजे.

या मार्गाचा जन्मच पुराशी निगडित आहे. आगगाडी तोट्याची ठरू लागली होती आणि मार्ग सोडून देण्याचा विचार कंपनीपुढे होताच. अशातच १९८६ च्या शरदातील पुराने ठिकठिकाणी रूळ उद्ध्वस्त केले आणि ४ ऑक्टोबर १९८६ रोजी सेडेलिया ते मेचेन्स या भागावरील वाहतूक कायमची थांबली. एरवी अशी जमीन तुकड्यातुकड्यांनी शेजारच्या शेतमालकांकडे गेली असती. परंतु अमेरिकी संघराज्याच्या १९६८ च्या मार्गविषयक कायद्यात १९८३ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यान्वये सोडून दिलेला लोहमार्ग भविष्यकाळी पुन्हा लागेल या अपेक्षेने अखंड राखून ठेवावा आणि तोवर पादचाऱ्यांना व सायकलस्वारांना वापरू द्यावा, अशी तरतूद झाली होती. शेतमालकांनी या तरतुदीविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे मला वाटत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ती पट्टी लोहमार्गासाठी दिलेली जाणली होती, परक्या प्रवाशांच्या राबत्यासाठी नव्हे. तथापि निकाल त्यांच्या विरुद्ध गेले, आणि १९९० मध्ये व्हर्मॉन्ट राज्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवल्यावर तो प्रश्न मिटला. जमीन घेण्यासाठी आणि मार्ग बांधण्यासाठी लागणारा पैसा टेड जोन्स आणि त्यांच्या पत्नी पॅट जोन्स यांनी दिला. त्यांच्या देणगीचा एकूण आकडा २२ लाख डॉलरांचा होता. एप्रिल १९९० मध्ये रोशपोर्ट गावाजवळचा पहिला भाग खुला झाला आणि त्याच वर्षी टेड जोन्स निवर्तले.

तीनच वर्षांनी, १९९३ च्या उन्हाळ्यात, मिसूरी आणि मिसिसिपी या दोन्ही नद्यांना जो महापूर आला, त्यात तोवर तयार झालेल्या १२६ मैलांपैकी ७५ मैलांची नासधूस झाली. मोऱ्या वाहून गेल्या, भराव खचले, खडी शेतात जाऊन पडली. नदीकाठच्या राइनलँड या गावाने तर त्यानंतर स्थलांतराचाच निर्णय घेतला आणि बरीचशी घरे चक्क उचलून शेजारच्या टेकडीवर नेली.

आता नदीचा स्वभाव पाहू. मिसूरीची लांबी सुमारे २३४० मैल. उगम रॉकी पर्वतात, शेवट सेंट लुइसच्या वर मिसिसिपीत. तिला वर्षातून दोन भर येतात. पहिला मार्च-एप्रिलमध्ये, मैदानी प्रदेशातील बर्फ वितळल्यामुळे. दुसरा जूनच्या सुमारास, पर्वतावरील हिम वितळून खाली आल्यामुळे, आणि नेमक्या याच दुसऱ्या भराच्या वेळी मध्य अमेरिकेतील गडगडाटी पावसाचा जोर असतो. हिमाचे पाणी अडवण्यासाठी वरच्या अंगाला सहा मोठी धरणे आहेत व त्यांतील सर्वांत खालचे, गॅव्हिन्स पॉइंट, यँक्टन गावाजवळ, नदीच्या मुखापासून ८११ मैलांवर आहे. पुष्कळांचा असा समज असतो की धरणे आहेत म्हणजे पुराचा बंदोबस्त झालेला आहे. परंतु प्लॅट, कॅन्सस, ग्रँड, ओसेज, गॅस्कोनेड या सर्व उपनद्या त्या शेवटच्या धरणाच्या खाली येऊन मिळतात, आणि केटी मार्गाला जे पाणी बुडवते त्यातील मोठा वाटा त्यांचाच असतो. २०१९ च्या मार्चमध्ये नेब्रास्कात गोठलेल्या जमिनीवरच्या बर्फावर वादळी पाऊस कोसळला, नायोब्रारा नदीवरील स्पेन्सर धरण १४ मार्च रोजी फुटले, आणि त्या वर्षी वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत खालच्या मिसूरीने वारंवार पात्र सोडले. त्या वर्षी सुटीत या मार्गाचा बेत केलेल्या माणसाला तो बदलावाच लागला असणार. विसाव्या शतकात नौकानयनासाठी नदीचे पात्र सरळ व अरुंद करण्यात आले, शेतीसाठी दोन्ही बाजूंना बांध घालण्यात आले, आणि त्यामुळे तेवढेच पाणी पूर्वीपेक्षा अधिक उंच चढते, असे पुष्कळ जलशास्त्रज्ञांचे मत आहे.

तरीही महानदीचा पूर हा जाहीर सूचना देऊन येणारा पूर असतो, आणि ती सूचना वाचण्याची विद्या कठीण नाही. बूनव्हिल, जेफर्सन सिटी, हर्मन आणि सेंट चार्ल्स येथे पाणीपातळी मोजणारी ठाणी आहेत. प्लेझंट हिल येथील पूरभाकित केंद्र त्यांच्या आधारे पुढील काही दिवसांची पातळी वर्तवते, आणि ती कोणालाही घरबसल्या पाहता येते. कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी पावसाळ्यात रोज पाहतो, ३९ फुटांना सावध होतो आणि ४३ फुटांना सामान वर हलवतो. त्याला हे शिकवावे लागणार नाही. मात्र एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. ठाण्यावरचा आकडा ही पाण्याची खोली नव्हे. पूर्वी कधीतरी ठरवलेल्या एका शून्यापासून मोजलेली ती उंची असते, आणि प्रत्येक ठाण्याचा शून्य निराळा असतो. म्हणून बूनव्हिलचे २१ फूट आणि सेंट चार्ल्सचे २१ फूट यांची तुलना करणे निरर्थक आहे. बूनव्हिल व हर्मन येथे २१ फुटांना पूर धरला जातो, जेफर्सन सिटीला २३ फुटांना, सेंट चार्ल्सला २५ फुटांना. प्रवाशाने प्रत्येक ठाण्याचा आकडा त्याच ठाण्याच्या पूररेषेशी ताडून पाहावा. आकड्यापेक्षाही आलेखाच्या रेषेचा कल अधिक बोलका असतो: आज पूररेषेखाली असलेले परंतु दिवसाला तीन फुटांनी चढणारे पाणी हे पूररेषेवर असलेल्या पण ओसरू लागलेल्या पाण्यापेक्षा अधिक चिंतेचे असते.

१९९३ च्या पुराच्या नोंदी या दृष्टीने फार उद्‌बोधक आहेत. पुराचा माथा बूनव्हिलला २९ जुलै रोजी पोहोचला, तेव्हा पातळी ३७ फुटांवर होती. जेफर्सन सिटीला तो ३० जुलै रोजी आला, हर्मनला ३१ जुलै रोजी जवळजवळ ३७ फुटांवर, आणि सेंट चार्ल्सला २ ऑगस्ट रोजी ४० फुटांवर. बूनव्हिलपासून सेंट चार्ल्सपर्यंत मार्गावरील अंतर दीडशे मैलांच्या आसपास आहे, आणि ते पुराने चार दिवसांत काटले. हा वेग म्हणजे दिवसाला अडतीस मैल, मुलाबाळांसह निवांत प्रवास करणाऱ्या सायकलस्वाराचाच वेग आहे. एवढा अवाढव्य पूर बांध फोडून शेतांत पसरत जातो म्हणून इतका सावकाश चालतो. पात्रातच राहणारा मध्यम पूर याहून लवकर पुढे सरकतो. परंतु तत्त्व तेच राहते. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा प्रवासी पाण्याबरोबर चालतो, आणि दुर्दैवाने माथ्याच्या सोबतीला लागला तर दररोज नव्या गावी तोच पूर त्याला भेटतो. उलट दिशेने जाणारा त्याला एकदाच सामोरा जातो. वरच्या ठाण्यावर माथा येऊन गेला की खाली तो केव्हा पोहोचेल याचा अंदाज सामान्य माणसालाही बांधता येतो, आणि एक-दोन दिवस एखाद्या उंचावरच्या गावी मुक्काम वाढवून त्याला पुढे जाऊ देणे हे शहाणपणाचे ठरते.

ओढ्यांच्या बाबतीत मात्र असा कोणताही हिशेब चालत नाही. मार्गाच्या उत्तरेस चुनखडीचे उंच कडे आहेत, त्यांच्या मागे डोंगराळ मुलूख आहे, आणि त्या मुलुखातील पाणी कड्यांच्या खिंडींतून उतरून, मार्गाखालच्या मोऱ्यांतून व पुलांखालून नदीकडे जाते. मध्यरात्री वर चार इंच पाऊस झाला की पहाटे ओढा मार्गावर आलेला असतो. बहुतेक ओढ्यांवर मोजणीचे ठाणे नाही, आणि असले तरी इशारा देण्याइतका अवधी मिळत नाही. त्यातही नदी भरलेली असताना ओढ्याला पाणी टाकायला जागा उरत नाही, नदीचे पाणीच उलट त्याच्या तोंडातून आत शिरते, आणि तो फुगवटा मार्गावर येतो. म्हणून नदीची पातळी पूररेषेखाली असतानाही लूटर नदीच्या किंवा सीडर ओढ्याच्या मुखालगतचे सखल तुकडे आधी पाण्याखाली जाण्याचा धोका असतो. मेचेन्सच्या बाजूला तर हा फुगवटा मिसिसिपीचा असू शकतो. तेव्हा मोठ्या पावसाचा इशारा असलेल्या रात्री ओढ्यालगत तंबू ठोकू नये, आणि सकाळी निघण्यापूर्वी पुढच्या गावच्या दुकानदाराला किंवा विश्रामगृहाच्या मालकाला दूरध्वनी करून विचारावे. अनोळखी माणसाला असा प्रश्न विचारण्याचा संकोच आपल्याकडच्या पुष्कळांना वाटतो. या मुलखात तो बाळगण्याचे कारण नाही, पाण्याविषयी बोलणे हा तेथील लोकांचा रोजचाच विषय आहे.

मार्गाचा उभा छेद पाहिला की आखणीचे निम्मे काम होते. क्लिंटनपासून बूनव्हिलपर्यंतचे पहिले सुमारे ७३ मैल नदीच्या खोऱ्यात नाहीतच; ते पठारी प्रदेशातून, ग्रीन रिज, सेडेलिया, पायलट ग्रोव्ह या गावांवरून जातात, आणि मिसूरीचा पूर तेथे पोहोचत नाही. बूनव्हिलला रस्त्याच्या पुलावरून नदी ओलांडली की न्यू फ्रँकलिनपासून पुढे मेचेन्सपर्यंतचा सारा प्रदेश पूरमैदानाचा, नाहीतर त्याच्या काठाकाठाने जाणारा. म्हणून पूरकाळात क्लिंटनहून निघावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पहिले दोन दिवस निर्धोक भागात जातात, तेवढ्या अवधीत नदीविषयीचे भाकित पक्के होते, आणि बूनव्हिलला पोहोचल्यावर पुढे जायचे की परतायचे हे हातात खात्रीचे आकडे असताना ठरवता येते. वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, हाही एक फायदा. पूर्वेकडून निघणारा मात्र पहिल्याच दिवशी सखल भागात उतरतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बंदीच्या फलकापुढे उभा राहतो.

बूनव्हिलच्या पुढे निसटण्याच्या वाटा कोठे आहेत याची नोंद नकाशावर आधीच करून ठेवावी. जेफर्सन सिटी, हर्मन आणि वॉशिंग्टन येथे नदी ओलांडायला पूल आहेत, आणि त्या तिन्ही गावी कॅन्सस सिटी-सेंट लुइस आगगाडी थांबते; आगाऊ नोंदणी केली तर सायकलही बरोबर नेता येते, मात्र तो लोहमार्गही नदीकाठचाच असल्यामुळे मोठ्या पुरात तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. सर्वांत बिकट तुकडा हर्मनच्या समोरील मॅकिट्रिकपासून जेफर्सन सिटीच्या उत्तर तीरापर्यंतचा, सुमारे ४२ मैलांचा. मध्ये एकही पूल नाही, गावे तुरळक, आणि दुकाने त्याहून तुरळक. शेजारून जाणारा राज्याचा ९४ क्रमांकाचा रस्ता पर्यायी म्हणून सुचवला जातो. पण तो अरुंद आहे, कडेला जागा नाही, टेकड्यांवर चढतो-उतरतो, आणि सखल भागी त्याच्यावरही पाणी येते. कसलेल्या सायकलस्वाराला तो कदाचित जमेल, मुलांना घेऊन जाणाऱ्याने त्याचा विचारही करू नये. या ४२ मैलांवर पाऊल टाकण्यापूर्वी आकाश आणि आलेख दोन्ही अनुकूल असले पाहिजेत.

पाण्यातून सायकल घालू नये, हा नियम निरपवाद आहे. वाहते पाणी सहा इंच असले तरी उभ्या माणसाचा तोल जाऊ शकतो, आणि गढूळ पाण्याखाली मार्ग शाबूत आहे की मोरी वाहून जाऊन तेथे पुरुषभर खड्डा झालेला आहे, हे वरून कोणालाही कळत नाही. मिसूरी राज्याचे निसर्गसंपत्ती खाते मार्गाचे जे भाग बंद असल्याचे जाहीर करते, त्यांचा अर्थ अक्षरशः घ्यावा.

पाणी ओसरले म्हणजे मार्ग खुला झाला, असेही समजू नये. बांधांच्या आत शिरलेल्या पाण्याला परत नदीत जायला वाट नसते, आणि नदी खाली उतरल्यानंतरही ते कित्येक दिवस शेतांत व मार्गावर साचून राहते. ते आटल्यावर मागे राहतो तो गाळ. या खोऱ्यातील चिकण माती आपल्याकडील काळ्या जमिनीइतकीच चिवट असते. प्रथम ती टायरच्या नक्षीत भरते, मग मडगार्ड आणि टायर यांच्यामधल्या बोटभर फटीत दाबली जाते, मग पुढच्या चिमट्यात अडकून चाक फिरेनासे होते. काडीने उकरून काढावी तर पन्नास पावलांवर पुन्हा तीच गत, आणि सामानासह सायकल खांद्यावर घेऊन चालण्याची पाळी येते. चेनमध्ये गेलेला बारीक वाळूमिश्रित गाळ तर दोन दिवसांत दाते खाऊन टाकतो. म्हणून रुंद टायर असलेली, मडगार्ड सहज काढता येतील अशी सायकल घ्यावी, चेनसाठी तेल आणि जुना ब्रश जवळ ठेवावा, आणि पावसानंतर खडी ओली असताना दिवसाचा पल्ला तिसऱ्या हिश्श्याने कमी धरावा. ओलसर चुनखडी चाकाला ओढून धरते, आणि चाळीस मैलांचे श्रम साठ मैलांएवढे होतात. पिण्याच्या पाण्याचीही बेगमी हवी, कारण पूर येऊन गेलेल्या गावातील विहिरी दूषित झालेल्या असू शकतात.

मुक्कामांची आखणी करताना एक विचार मला महत्त्वाचा वाटतो. ही गावे अतिशय लहान आहेत. काहींची वस्ती शे-दोनशेच्या घरात आहे. पूर चढत असताना तेथील माणसे वाळूच्या पिशव्या भरत असतात, यंत्रसामग्री उंचावर हलवत असतात. अशा दिवशी सुटीवर आलेल्या प्रवाशाने जाऊन खोली मागणे, अथवा पाहायला म्हणून पाण्याच्या कडेला गर्दी करणे, हे शोभणारे नाही. परंतु पूर ओसरून महिना-दोन महिने झाल्यावर, मार्ग खुला होऊनही प्रवासी फिरकत नाहीत, तेव्हा याच गावांतील खाणावळी आणि सायकली भाड्याने देणारी दुकाने मोठ्या तंगीत असतात. पुरामुळे ज्याचा बेत फिसकटला त्याने जूनची नोंदणी रद्द करून पैसे परत मागण्याऐवजी तीच नोंदणी सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात पुढे ढकलता येते का हे मालकाला विचारावे. त्या दिवसांत नदी बहुधा उतरलेली असते, डासांचा त्रास सरलेला असतो, कड्यांवरची झाडे रंगू लागलेली असतात, आणि हार्ट्सबर्गच्या सखल शेतांत भोपळ्यांचे पीक काढणीला आलेले असते.